सोया वडीत ५२ ग्रॅम प्रथिनं, पण ताटात किती?

पनवेलजवळच्या नेरेसारख्या भातशेतीच्या गावात सोयाबीन येतं ते मुख्यतः किराणा दुकानातल्या सोया वडीच्या पाकिटातून. तेल काढून उरलेल्या सोया पिठाची ही वडी. १०० ग्रॅममागे सुमारे ५२ ग्रॅम प्रथिनं, हा पाकिटावरचा आकडा मात्र कोरड्या वडीचा असतो. भिजल्यावर ती पाण्याने फुगते. एका माणसाला ३० ग्रॅम कोरडी वडी पुरते, म्हणजे साधारण १५ ग्रॅम प्रथिनं. तेही दोन अंड्यांपेक्षा जास्तच!

सोयामुळे पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं, ही भीती माणसांवरच्या अभ्यासांत टिकलेली नाही. थायरॉइडची गोळी मात्र सोयासोबत घेऊ नये, कारण औषध नीट शोषलं जात नाही. दोन्हींत किती तासांचं अंतर हवं, ते डॉक्टरांना विचारा.