व्हिक्टोरिया सरोवर : तेथील पाणी, प्राणी व मासळी

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागांत, बरोबर विषुववृत्तावर, व्हिक्टोरिया नांवाचें एक अफाट सरोवर पसरलेलें आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ६८,८०० चौरस किलोमीटर भरतें. म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या पांचव्या हिश्शाहूनही थोडें अधिक. गोड्या पाण्याच्या सरोवरांत विस्तारानें याचा क्रम जगांत दुसरा लागतो. त्याचा सुमारें निम्मा भाग टांझानिया देशाकडे, निम्म्याहून कांहींसा कमी युगांडाकडे, आणि केनियाच्या वांट्यास शेंकडा सहा आला आहे. आमच्या सभासदांस मासळीच्या धंद्याशीं प्रत्यक्ष कर्तव्य थोडें. तथापि सामाईक पाण्यांत एकानें केलेला फेरबदल दुसऱ्यास कसा भोंवतो, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं या सरोवराची हकीकत अवश्य वाचावी.

एवढा विस्तार असूनही सरोवर उथळ आहे. सरासरी खोली ४० मीटर, आणि जास्तींत जास्त ८० मीटरांच्या आसपास. त्याच प्रदेशांतील टांगानिका सरोवर १,४७० मीटर खोल आहे, कारण तें जमीन दुभंगून झालेल्या खाचेंत सांचलें आहे. व्हिक्टोरियाची उत्पत्ति निराळी. पूर्वीं तेथील नद्या पश्चिमेकडे वाहत असत. सुमारें चार लक्ष वर्षांपूर्वीं पश्चिमेकडील भूभाग हळूहळू उचलला जाऊन त्यांच्या वाटेंत जणूं बांध पडला, आणि पाणी मागें फुगून मधल्या सखल पठारावर पसरलें. हें पठार समुद्रसपाटीपासून १,१३४ मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडें खालीं आहे.

सरोवराच्या पाण्याचा जमाखर्च मोठा विलक्षण आहे. येणाऱ्या पाण्यापैकीं शेंकडा ऐशींच्या आसपास पाणी थेट पावसाचें असतें, आणि जवळजवळ तितकेंच वाफ होऊन उडून जातें. येऊन मिळणाऱ्या नद्यांत कागेरा सर्वांत मोठी. बाहेर जाण्यास वाट मात्र एकच. ती उत्तरेस जिंजा येथें, आणि तीच नाईल नदी होय. महात्मा गांधींच्या रक्षेचा कांहीं अंश १९४८ सालीं येथेंच विसर्जित करण्यांत आला. पावसावर सर्व भिस्त असल्यामुळें पातळी लवकर हलते. २००६ च्या सुमारास ती बरीच उतरली होती. उलट २०२० सालीं इतकी चढली कीं कांठचीं घरें व शेतें पाण्याखालीं गेलीं.

कांठाकांठानें पपायरस जातीच्या उंच लव्हाळ्याचीं दाट बनें आहेत. त्यांत पाणघोडे व मगरी राहतात. दलदलींत सहज चालतां यावें म्हणून लांब व पसरट खुर लाभलेलें सितातुंगा नांवाचें हरिण आणि चोंच पादत्राणासारखी असलेला एक मोठा राखी पक्षी, हे तेथील विशेष प्राणी होत. पाण्यांतून चिलटांचे लोट उठतात. ते दुरून धुराच्या खांबासारखे दिसतात. पण आमच्या मतें या लव्हाळ्याचें खरें महत्त्व निराळें आहे. वरच्या शेतांतून वाहून येणारा गाळ व खत तो गाळून धरतो. जेथें लोभानें ही दलदल मोडून जमीन लागवडीस आणली, तेथें शेतांतील उत्तम माती सरळ सरोवरांत गेली. शेतकऱ्याचें नुकसान झालेंच, शिवाय मासेमाराचेंही झालें.

आतां मासळीकडे वळूं. या सरोवरांत सिक्लिड वर्गांतील लहान माशांच्या सुमारें पांचशें जाती होत्या. कोणी शेवाळ खाई, कोणी गोगलगाई फोडून खाई, कोणी दुसऱ्यांचीं पिलें. बहुतेकांची मादी अंडीं तोंडांत धरून उबवी. खाण्यास सर्वांत नांवाजलेला मासा न्गेगे. पूर्वीं तो सापळ्यांनीं व टोपल्यांनीं धरीत. १९०१ सालीं मोंबासाहून निघालेली आगगाडी सरोवराच्या कांठीं किसुमूस पोंचली (तो रस्ता बांधण्यास हिंदुस्थानांतून, विशेषतः पंजाबांतून, हजारों मजूर नेले होते), आणि मासळीस दूरची बाजारपेठ लाभली. १९०५ च्या सुमारास गळ्याशीं अडकविणारीं विलायती जाळीं आलीं. थोड्याच वर्षांत न्गेगे कमी पडूं लागला. पांच इंचांहून बारीक आसाचें जाळें लावूं नये असा नियम झाला. परंतु नियम कागदावर आणि जाळें पाण्यांत, अशी स्थिति राहून अखेर तो नियमही सोडून देण्यांत आला.

मासळी घटली यावर जो उपाय योजिला, तोच पुढें सर्व अनर्थास कारण झाला. १९५४ पासून पुढें नाईल पर्च नांवाचा परका मासा सरोवरांत सोडण्यांत आला. हा दोन मीटरपर्यंत लांब व दोनशें किलोपर्यंत वजनाचा होतो, आणि इतर मासे हाच त्याचा आहार. शास्त्रज्ञांनीं आगाऊ बजावलें होतें. तें कोणी मानलें नाहीं. पंचवीस वर्षें विशेष कांहीं दिसलें नाहीं. मग १९८० नंतर तो एकाएकीं माजला आणि सिक्लिडांच्या निदान दोनशें जाती नाहींशा झाल्या असा अंदाज आहे. त्यांपैकीं कांहीं पुढें पुन्हा आढळल्या. शेवाळ खाणारे मासे गेले, वरून शेतांचें खत व शहरांची घाण येत राहिली, आणि खोल पाण्यांतील प्राणवायु संपूं लागला.

तरीही वजनाच्या हिशेबानें पाहिलें तर धंदा वाढला. १९७० नंतरच्या दशकांत वर्षास सुमारें एक लक्ष टन निघणारी मासळी १९९० च्या सुमारास पांच लक्ष टनांवर गेली. युरोपांत पाठविण्यासाठीं कारखाने निघाले. पण हा पैसा कोणाच्या पदरीं पडला, हें पाहिलें पाहिजे. लहान मासा बायका उन्हांत वाळवून विकीत. पर्च तेलकट असल्यानें त्यास धूर द्यावा किंवा तळावा लागतो, आणि त्यासाठीं लांकूड तोडावें लागतें. मांस कारखान्यांत गेलें, आणि कांठच्या गरिबांस बाजारांत डोकें व कांटा मिळूं लागला. आकड्यांनीं भरभराट दाखविणाऱ्या अहवालांत हा कांटा सहसा नोंदला जात नाहीं.

त्यांतच १९८८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेंतून आलेली जलपर्णी सरोवरांत दिसली. ही पीडा आपल्या नद्यांस व तलांवांस परिचित आहे. दहा वर्षांत तिनें हजारों हेक्टर पाणी झांकून टाकलें. होड्या बंदरांत अडकून पडल्या. १९९५ पासून तिचीं पानें खाणारे सोंडेचे लहान भुंगेरे मुद्दाम सोडण्यांत आले. त्यांचें काम व १९९७-९८ च्या जोराच्या पावसाळी हवामानाचा तडाखा, या दोहोंनीं ती ओसरली. परंतु पुरतेपणीं गेली नाहीं, आणि किसुमूच्या आखातांत अद्याप वारंवार माजते. गाळ व खत यांचा पुरवठा चालू असेपर्यंत भुंगेऱ्यांनीं किती खावें?

हल्लीं वजनानें सर्वांत अधिक निघतो तो पर्च नव्हे, तर बोटाएवढा चंदेरी मासा. त्यास टांझानियांत दागा, केनियांत ओमेना म्हणतात. तो फार लवकर वाढतो व पर्चच्या तावडींतून टिकून राहिला. काळोख्या रात्रीं होड्यांवर दिवे लावतात, प्रकाशास भुलून झुंडी जमतात, आणि बारीक जाळ्यानें त्या उचलतात. सकाळीं मासा वाळूंत किंवा जाळ्यांवर पसरून वाळवितात. पावसांत तो नीट वाळत नाहीं व कुजतो. बराचसा भाग कोंबड्यांच्या खाद्यांत जातो. पौर्णिमेच्या आसपास दिव्याचा उपयोग होत नाहीं, म्हणून त्या रात्रीं होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि जाळीं दुरुस्त करीत बसतात.