खेळांची घराणी (भाग ६) : हात कुणाचा, हुन्नर कुणाचा?

मागच्या आठवड्यात आपण उड्या मारायच्या खेळांचं घराणं पाहिलं. तिथला न्याय सरळ असतो. बटण वेळेवर दाबलं तर मारिओ खड्डा ओलांडतो, नाही दाबलं तर पडतो. आज रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, या घराण्याकडे वळू. इथला न्याय निराळा आहे, आणि तो सर्वांत स्पष्ट दिसतो २००२ साली आलेल्या बेथेस्डा कंपनीच्या 'मोरोविंड'मध्ये.

कैद्यांच्या जहाजातून आपलं पात्र सेडा नीन नावाच्या बंदरावर उतरतं. गावाबाहेर पडलं की किनाऱ्यावर एखादा मोठा खेकडा अंगावर येतो. हातात सुरा असतो. आपण जवळ जातो, नेम धरतो, वार करतो. पातं खेकड्याच्या अंगातून आरपार गेलेलं डोळ्यांना दिसतं आणि खेकड्याला काहीही होत नाही. दुसरा वार, तिसरा वार, तेच. कारण प्रत्येक वारामागे गेम आतल्या आत फासा टाकत असतो. आपल्या पात्राला सुरा किती चालवता येतो, ते किती चपळ आहे, त्याचं नशीब कसं आहे आणि ते किती दमलंय, एवढं पाहून वार लागला की हुकला हे ठरतं. तिथवर धावत आलो असलो तर पात्र आधीच थकलेलं असतं, म्हणून वार आणखी हुकतात.

असंख्य खेळाडूंना हा गेममधला दोष वाटला. बेथेस्डाने २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये हा फासा काढून टाकला. पातं टेकलं की वार लागला. कौशल्यावर फक्त जखम किती खोल हे ठरू लागलं. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये शक्ती, बुद्धी, चपळाई हे मूळ गुणही गेले. कौशल्यांची संख्या २७ वरून २१ आणि मग १८ वर आली. 'स्कायरिम' फार सुंदर गेम आहे. त्याचे बर्फाळ डोंगर मला अजून बोलावतात. पण या प्रवासात प्रत्येक पायरीवर पात्राच्या हातातलं काहीतरी काढून खेळाडूच्या हातात दिलं गेलं, आणि तेवढ्या प्रमाणात गेम आपल्या घराण्यापासून लांब गेला, असं माझं ठाम मत आहे.

कॅरममध्ये राणी घेतली तर श्रेय आपल्या बोटाचं असतं, तिथे मधे दुसरं कुणी नसतं. आरपीजीत मधे कुणीतरी असतं. काय करायचं हे मी ठरवतो, पण ते जमतं की नाही हे त्या पात्राच्या कुवतीवर ठरतं, आणि ती कुवत कशी घडवायची याचे निर्णय पुन्हा माझ्याकडे असतात. माझ्या मते आरपीजीची व्याख्या एवढीच. तलवारी, ड्रॅगन, जादूगार, लांबलचक कथा हा सगळा पेहराव झाला.

ही रीत आली कुठून? १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. दोघेही युद्धखेळांचे शौकीन. त्या खेळांत टेबलावरची छोटी बाहुली बहुतेक वेळा सैनिकांच्या तुकडीची असे. यांनी एक बाहुली म्हणजे एक माणूस असं केलं, आणि त्या माणसाला सहा गुण दिले : शक्ती, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि लोकांवर पडणारी छाप. प्रत्येक गुण सहा बाजूंचे तीन फासे टाकून ठरायचा. यातून फार मोठी गोष्ट साधली. किरकोळ अंगाचा कारकून राक्षसाशी झुंजणारा योद्धा होऊ शकला, कारण झुंजायची ताकद त्याने स्वतः दाखवायची नव्हती, ती कागदावर लिहिलेली होती. आरपीजीतले आकडे पाहून पुष्कळ लोक बिचकतात, हिशेबाची वही वाटते त्यांना. पण तो आकडाच 'मी' आणि 'ते पात्र' यांना वेगळं करतो. आकडा नसेल तर पात्राच्या अंगात फक्त मीच उरतो, माझ्या सगळ्या मर्यादांसकट.

टेबलावर पंचाचं काम करायला एक माणूस असे. खेळाडूने काहीही अचाट सुचवलं तरी तो त्याला उत्तर देऊ शके. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणक-यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी हा खेळ उतरवायला सुरुवात केली, तेव्हा त्या यंत्राला कल्पनाशक्ती नव्हती. बेरीज-वजाबाकी मात्र विजेच्या वेगाने येत होती. त्यामुळे खेळाचा हिशेबी अर्धा भाग संगणकात आला आणि मोकळ्या संवादाचा अर्धा भाग टेबलावरच राहिला. आरपीजी म्हणजे तळघरं, राक्षस आणि लढाया, ही समजूत या अपघातातून रुजली.

१९८१ चा 'विझार्ड्री' त्या अर्ध्या भागाचा कळस. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोन विद्यार्थ्यांनी तो घडवला. सहा जणांची टोळी, दहा मजली भुलभुलैया आणि नकाशा खेळाडूने स्वतः आलेखकागदावर काढायचा. मेलेल्या सोबत्याला देवळात जिवंत करता येई, पण विधी फसला तर त्याची राख होई, आणि राखेवरचा विधीही फसला तर तो कायमचा गेला.

जपानच्या युजी होरी यांनी अमेरिकेत 'विझार्ड्री' पाहिला आणि त्याची लढाई 'अल्टिमा' या दुसऱ्या गेमच्या वरून दिसणाऱ्या नकाशाशी जोडून १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आणला. घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, लहान मुलांनाही समजेल असा. यात हरलो की अर्धं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव शिल्लक राहतो. बोटं कितीही मंद असोत, चिकाटी असेल तर शेवट गाठता येतो. पात्र आधीच ठरलेलं, कथा एकाच वाटेची, म्हणून याला आरपीजी म्हणू नये असं काही जण म्हणतात. पात्र घडवण्याच्या अटीवर तो काठावरच पास होतो, हे खरं. पण जिंकणं-हरणं पात्राच्या कुवतीवर, ही पहिली अट तो पुरेपूर पाळतो. त्याच वर्षी आलेल्या 'झेल्डा'त तलवार आहे, तळघरं आहेत, राजकन्या आहे. तरी राक्षसाचा वार चुकवायचा तो आपल्याच अंगठ्याने. म्हणून 'झेल्डा' या घराण्याबाहेरचा. उलट २००७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४'मध्ये अनुभवाचे गुण आणि लेव्हल आल्या, पण गोळी लागायला नजर आणि हात आपलाच लागतो. लेव्हल वाढली म्हणून कुणी आरपीजी होत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा २०२० चा देखणा गेम याच कारणाने ॲक्शन-ॲडव्हेंचर ठरतो, आणि त्याने त्याचं मोल तसूभरही कमी होत नाही.

या घराण्याचा सर्वांत शुद्ध नमुना मला २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'मध्ये दिसतो. एस्टोनियातल्या मंडळींनी घडवलेल्या या गेममध्ये लढाईची स्वतंत्र यंत्रणाच नाही. स्मृती गेलेला एक दारुडा पोलीस हॉटेलच्या खोलीत जागा होतो. मागच्या अंगणातल्या झाडाला एक प्रेत लटकतंय. तपास करायचा तो बोलून. त्याची कौशल्यं २४ : तर्क, सहानुभूती, सहनशक्ती, अधिकारवाणी वगैरे. ही कौशल्यं त्याच्या डोक्यात चक्क बोलतात, भांडतात, चुकीचे सल्लेही देतात. प्रत्येक अवघड क्षणी दोन फासे पडतात आणि त्यांत कौशल्याचा आकडा मिळवला जातो. दोन्ही फाशांवर एक आला तर कितीही हुशार असलात तरी फजिती, दोन्हींवर सहा आला तर यश नक्की. शरीर अगदीच कमकुवत ठेवलं असेल, तर पंख्याला अडकलेला टाय काढतानाच या नायकाचं हृदय बंद पडू शकतं. बहुतेक वेळा मात्र अपयशाने गोष्ट थांबत नाही. ती अशा वाटेने वळते जी यशस्वी खेळाडूला दिसतच नाही. टेबलावर राहून गेलेला संवादाचा अर्धा भाग इथे संगणकात आलेला आहे.

म्हणून घरातल्या मुलाने किंवा मुलीने एखादा गेम आरपीजी आहे असं सांगितलं, तर लेव्हल कितवी हे विचारू नका. तुझ्या पात्राला काय येतं, काय येत नाही, आणि ते तसं का घडवलंस, हे विचारा. गेम खरोखर या घराण्यातला असेल तर उत्तर लांबेल. ते शांतपणे ऐका. पुढच्या आठवड्यात १९८५ चा 'अल्टिमा ४', ज्यात खेळाडूला कुणा खलनायकाला मारायचं नसून आठ सद्गुण अंगी बाणवायचे असतात.