पहिलें रिव्हॉल्वर व त्याचा चाप

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां शस्त्रपरवान्यांचे पुष्कळ अर्ज आमच्या हाताखालून गेले. अर्जदाराची दृष्टि बहुधा हत्याराच्या झळाळीकडे असे. तें आपल्या हातास वश होईल कीं नाहीं, याचा विचार क्वचितच दिसे. म्हणून आमच्या शेतकरी बंधूंसाठीं हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, पिकाच्या राखणीस रिव्हॉल्वर निरुपयोगी होय. १९५९ च्या शस्त्र कायद्यांतही पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. रिव्हॉल्वर हें जिवावर बेतलें असतां जवळच्या अंतरावर उपयोगीं पडणारें साधन. मळ्यांत एकाकी घर करून राहणाऱ्यानेंच त्याचा विचार करावा.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचें ०·३२ इंची, सहा काडतुसांचें रिव्हॉल्वर आपल्याकडे परिचित आहे. २०१४ सालीं निघालेलें ‘निर्भीक’ सुमारें ५०० ग्रॅमच भरतें. हलकें हत्यार बाळगण्यास सोयीचें खरें, परंतु बार होतांच हातास झटका अधिक देतें.

आतां चापाविषयीं. घोडा अंगठ्यानें चढवून चाप ओढला तर ओढ लहान व हलकी लागते. घोडा न चढवितां ओढल्यास चक्री फिरविणें व घोडा उचलणें हीं दोन्ही कामें चापासच करावीं लागतात; म्हणून ओढ लांब व जड होते. संकटसमयीं घोडा चढविण्यास उसंत नसते, यास्तव हीच ओढ पारखावी. दुकानदाराची अनुज्ञा घेऊन हत्यार उघडावें, सहाही घरें रिकामीं असल्याचें स्वतः पाहावें, आणि नळी निर्धोक दिशेस धरून चाप सावकाश ओढावा. तेल दिलेल्या रहाटावरून दोर यावा तशी ओढ अखंड यावी. मध्येंच अडकूं नये. मूठ न सरकवितां बोटाचें पहिलें पेर चापावर पोंचावें व माशी हलूं नये.

चाप जड वाटला म्हणून तो कानशीनें घासूं नये. कमान दुबळी झाली तर घोडा हलका पडून काडतूस उडत नाहीं. खांच झिजली तर चढविलेला घोडा आपोआप निसटतो. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारानें गांवच्या लोहाराकडून असा उद्योग करविला. चढविल्या घोड्याचें हत्यार खालीं ठेवतांच बार झाला, आणि गोळी नातीच्या पाळण्याच्या वीतभर वर भिंतींत शिरली. तें भोंक आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

उपाय एकच, अभ्यास. काडतुसें दुसऱ्या खोलींत ठेवून, खोटीं काडतुसें घालून रोज दहा वेळां चाप ओढावा. नळीवर ठेवलेलें नाणें पडलें नाहीं म्हणजे हात बसला असें समजावें. नंतर परवानगीच्या नेमबाजी मैदानावर जाणत्याच्या देखरेखीखालीं खरा बार करावा. घरीं हत्यार कुलुपांत असावें व किल्ली मुलांच्या हातीं लागूं नये.

जमीन घेतांना आपण सातबारा वाचतों, बैल घेतांना दांत पाहतों. हत्यार घेतांना चाप पाहावा.