रेंज फुल, पण पत्ताच नाही

कर्जत-खालापूरकडे पावसाळ्यात नेट बंद पडलं की पहिलं बोट डोंगराकडे जातं. "घाटात केबल तुटली असणार." कधीकधी ती तुटलेलीही असते. पण लॅपटॉपला वायफायवर आयपी पत्ताच मिळत नसेल, तर बिघाड बहुतेक वेळा घरातच असतो आणि तो घरच्या माणसालाही सापडतो.

"सगळ्या दांड्या दिसतायत, म्हणजे नेट आहे" हा गैरसमज सगळ्यांत पक्का. दांड्यांवरून एवढंच कळतं की राउटरचा सिग्नल पोचतोय. पुढे चार निरोप व्हावे लागतात. लॅपटॉप विचारतो, पत्ता कोण देतं? राउटर एक पत्ता पुढे करतो. लॅपटॉप तोच मागतो, राउटर तो पक्का करतो. या पद्धतीचं नाव डीएचसीपी. मिळालेला पत्ता घरात सहसा १९२.१६८ने सुरू होतो. उत्तर आलंच नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा आकडा लावून घेतं. विंडोज ९८पासून ही सोय आहे. त्या आकड्यावर इंटरनेटपर्यंत जाता येत नाही.

हा आकडा पाहायला कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, सलग टाइप करा.

केबल तुटली की पत्ता मिळत नाही, असंही लोक समजतात. घरगुती जोडणीत पत्ता राउटर देतो, कंपनी नव्हे. बाहेरची फायबर तुटलेली असली तरी १९२.१६८ मिळतोच. म्हणून तो दिसत असेल आणि नेट नसेल, तर बाहेर बघा. १६९.२५४ दिसला, तर आत.

आमच्या भागात खरी गंमत होते ती फार्महाऊसवर. शनिवारी सकाळचे पाहुणे जातात, दुपारी हळदीचं वऱ्हाड येतं आणि संध्याकाळी मालकाचा मला फोन: "जुन्या फोनवर चालतंय, नव्या पाहुण्यांना लागतच नाही. स्पीड वाढवून घेऊ का?" स्पीडचा इथे काही संबंध नाही. अनेक राउटर शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले शंभरच पत्ते वाटतात आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवतात. सकाळी गेलेल्या पाहुण्यांच्या नावावर ते अडकून पडलेले असतात. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये मुदत एक-दोन तासांवर आणा, पत्त्यांची मर्यादा २ ते २५४ करा. खर्च शून्य. तसं केल्यावर त्या घरी पुन्हा तक्रार आली नाही.

एकाच लॅपटॉपला त्रास असेल तर राउटरला हात लावू नका. लॅपटॉप राउटरजवळ आणून पाहा. जाड भिंतीआड सिग्नल क्षीण असला की जोडणी होते, पण त्या चारपैकी एखादा निरोप वाटेत हरवतो. मग ते वायफाय "विसरा" म्हणा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यात कोणी हाताने पत्ता भरून ठेवलाय का तेही बघा. १६९.२५४ही नाही आणि घरातल्या फोनपेक्षा वेगळ्याच मालिकेतला आकडा, ही त्याची खूण. तिथे "आपोआप" निवडलं की काम होतं.

आणि कृपा करून, राउटरमागचं छोटं भोक पिनने दाबू नका. बंद करून चालू करणं वेगळं, ते जरूर करा, लाईट जाऊन आल्यावर तर नक्कीच. पिनने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कंपनीचं युजरनेम-पासवर्ड त्यात भरलेलं असेल तर तेही पुसलं जातं. दहा मिनिटांचं काम मग तंत्रज्ञ येईपर्यंत लांबतं आणि मुसळधार पावसात आतल्या वाडीवर तो त्याच दिवशी पोचेलच असं नाही.

तक्रारीचा फोन लावण्याआधी काळ्या खिडकीतला आकडा कागदावर लिहून घ्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा.