शब्दाला जागणारी ग्रंथालयं

केंब्रिज विद्यापीठाला एकच एक आवार नाही. कॅम नदीकाठच्या या गावात विखुरलेली ३१ कॉलेजं मिळून ते उभं आहे. विद्यापीठाची सुरुवात १२०९ सालची, तर सर्वांत जुनं कॉलेज पीटरहाउस १२८४ चं. व्याख्यानं, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाकडे. प्रवेश, राहणं-जेवणं आणि एक-दोन विद्यार्थ्यांना समोर बसवून होणारी शिकवणी कॉलेजाकडे. प्रत्येक कॉलेजाची मालमत्ता वेगळी, नियम वेगळे आणि ग्रंथालयही वेगळं. लहानमोठी मिळून शंभरावर ग्रंथालयं इथे आहेत. त्यांतले जुने संग्रह शाबूत राहिले, यामागे पैशाइतकाच देणगीदारांना दिलेला शब्द पाळण्याचा बाणाही आहे.

कॉर्पस क्रिस्टी कॉलेजातलं पार्कर ग्रंथालय याचा उत्तम दाखला. कॅंटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी सोळाव्या शतकात आपली शेकडो हस्तलिखितं कॉलेजाला दिली, ती करार करून. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पुस्तकं गहाळ झाली, तर सगळा संग्रह शेजारच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजाकडे जायचा. त्यांनीही हयगय केली, तर ट्रिनिटी हॉलकडे. दरवर्षी संग्रहाची तपासणी करायची तीही याच दोन कॉलेजांनी. ज्याला वारसा मिळू शकतो तोच तपासनीस, म्हटल्यावर डोळ्यांत तेल घालून राखण होणारच! सहाव्या शतकातली सेंट ऑगस्टीनची शुभवर्तमानं आजही इथे सुखरूप आहेत.

मॉडलिन कॉलेजात सॅम्युअल पेपीस या प्रसिद्ध रोजनिशीकाराची ३,००० पुस्तकं आहेत. एकही वाढवायचं नाही, एकही काढायचं नाही, ही त्याची अट. पुस्तकांची मांडणी विषयानुसार नाही, आकारानुसार आहे. रांग समपातळीत दिसावी म्हणून त्याने काही ठेंगण्या पुस्तकांखाली लाकडी ठोकळेसुद्धा करून घेतले. १७२४ मध्ये संग्रह कॉलेजात आला, तो त्याच्याच कपाटांसह.

ट्रिनिटी कॉलेजाचं ग्रंथालय ख्रिस्तोफर रेन या वास्तुविशारदाने रचलं आणि १६९५ मध्ये ते पुरं झालं. बाहेरून पाहताना वाटतं, वरच्या मजल्याची जमीन खालच्या कमानींच्या माथ्यावर असेल. प्रत्यक्षात रेनने ती बरीच खाली घेतली आहे. त्यामुळे भिंतीलगत उंच कपाटं मावली आणि त्यांच्यावरच्या खिडक्यांतून दालनभर उजेड आला. कपाटांच्या टोकांना ग्रिनलिंग गिबन्सचं लाकडी कोरीवकाम आहे. न्यूटनने स्वतःच्या हाताने दुरुस्त्या केलेली ‘प्रिन्सिपिया’ची प्रत इथलीच. रामानुजनच्या अखेरच्या काळातली सहाशेहून अधिक सूत्रांची पानं १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज या गणितज्ञाला याच ग्रंथालयात सापडली.

शेजारच्या सेंट जॉन्सच्या जुन्या ग्रंथालयावर नदीच्या बाजूला १६२४ साल ठळक दिसतं. मराठी माणसाने इथे आवर्जून थांबावं, कारण कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच कॉलेजाचे. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत अव्वल, झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

या सर्वांच्या जोडीला विद्यापीठाचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मागण्याचा त्याला कायदेशीर हक्क आहे. १९३४ मध्ये उघडलेल्या या इमारतीचा मनोरा ४८ मीटर उंच आहे. इथून डार्विनच्या दोन वह्या दोन दशकं बेपत्ता होत्या. जगभर आवाहन केल्यावर, मार्च २०२२ मध्ये कुणीतरी त्या गुलाबी पिशवीत घालून ग्रंथालयातच ठेवून गेलं.

इतक्या मोठ्या व्यवस्थेतूनही वह्या जातात. म्हणूनच पार्करची वार्षिक मोजदाद मोलाची ठरते. आपल्याकडच्या शतकभर जुन्या वाचनालयांनाही लोकांनी विश्वासाने आपले ग्रंथसंग्रह दिले आहेत. शेजारच्या गावातल्या वाचनालयाने आपल्या दुर्मीळ पुस्तकांची दरवर्षी तपासणी करावी आणि आपण त्यांची, एवढी पद्धत पाडायला फारसा पैसा लागत नाही.