यीस्टची पेशी घड्याळ पाहत नाही

यीस्टची पेशी दर ९० मिनिटांनी विभागते, हे वाक्य विज्ञानाच्या पुस्तकांत हमखास भेटतं. आकडा खोटा नाही. पावासाठी वापरतात ती सॅकरोमायसीस सेरेव्हिसी ही जात भरपूर साखर असलेल्या द्रावणात ३० अंश सेल्सिअसला ठेवली, तर तिची संख्या साधारण दीड तासात दुप्पट होते. पण हे वाक्य वाचून समज असा होतो की पेशीत जणू गजर लावलेला आहे आणि तो वाजला की ती विभागते. तीच पेशी साखरेऐवजी अल्कोहोलवर वाढवली की तिला कितीतरी जास्त वेळ लागतो. अन्न संपलं तर ती विभाजन थांबवून दिवसेंदिवस तशीच राहते. पेशीला विभाजनाआधी काही अटी पुऱ्या कराव्या लागतात, आणि ९० मिनिटं हा त्या पुऱ्या करायला लागलेला वेळ आहे.

एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होतात, हाही असाच एक समज. पावाच्या यीस्टमध्ये मातृपेशीच्या अंगावर कलिका फुटते, ती फुगत जाते, गुणसूत्रांचा एक पूर्ण संच तिच्यात जातो आणि मग ती सुटी होते. सुटताना ती आईपेक्षा लहान असते. आई थोड्याच वेळात पुढची कलिका धरते. लेक मात्र थांबते, वाढते आणि पुरेशी मोठी झाल्यावरच पहिली कलिका काढते. एकाच भांड्यातल्या, एकाच तापमानातल्या, सारख्याच जनुकांच्या या दोघी, पण वेळापत्रक दोघींचं वेगळं. घड्याळाची कल्पना इथेच मोडते. आईच्या पेशीभित्तिकेवर प्रत्येक कलिकेचा गोल व्रण उरतो. रंगद्रव्य लावून हे व्रण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले की तिचं वय कळतं. साधारण २० ते ३० कलिकांनंतर ती मरते, त्यामुळे यीस्ट अमर आहे ही समजूतही सोडून द्यावी लागते.

स्वयंपाकघरातला एक गैरसमज इथेच निस्तरू. पावाचं पीठ फुगतं ते यीस्टची संख्या वाढल्यामुळे, असं पुष्कळांना वाटतं. तास-दोन तासांत पिठातल्या पेशी फारशा वाढलेल्या नसतात. त्या साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि तो पिठाच्या चिवट जाळ्यात अडकतो. इडलीचं पीठ तर मुख्यतः ल्यूकोनॉस्टॉकसारखे जीवाणू फुगवतात. गोव्यात पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाची सूर घालून पाव आंबवत, त्या सुरेत मात्र यीस्ट असे.

आता मूळ प्रश्न. अटी कोणत्या, हे शोधायची पहिली मोठी युक्ती लेलँड हार्टवेल यांना सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सापडली. त्यांनी असे उत्परिवर्ती यीस्ट गोळा केले, जे २३ अंशांना व्यवस्थित वाढतात आणि ३६ अंशांना अडकतात. काचपट्टीवरच्या पेशींचं आधी एक छायाचित्र घ्यायचं, तापमान चढवायचं, काही तासांनी पुन्हा छायाचित्र. पहिल्या छायाचित्रात सगळी सरमिसळ दिसते: कुणाला कलिका नाही, कुणाला टाचणीच्या डोक्याएवढी, कुणाची आईच्या अंगाला आलेली. दुसऱ्या छायाचित्रात सगळ्या पेशी एकाच रूपात थबकलेल्या. कलिकेच्या आकारावरून गाडी कुठे अडली ते नुसत्या डोळ्यांनी वाचता येत होतं. मला ही युक्ती विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते, कारण तिला लागले ते फक्त एक सूक्ष्मदर्शक, एक कॅमेरा आणि योग्य प्रश्न.

त्यातल्या सीडीसी-२८ या जनुकात बिघाड असलेल्या पेशी कलिका फुटण्याआधीच थांबत. हार्टवेल यांनी या टप्प्याला ‘स्टार्ट’ म्हटलं. इथवर येईपर्यंत पेशी मागे फिरू शकते. अन्न कमी पडलं, किंवा विरुद्ध लिंगाच्या पेशीचा रासायनिक संकेत आला, तर ती थांबते. स्टार्ट ओलांडल्यावर मात्र एक विभाजन पुरं करावंच लागतं.

त्याच सुमारास एडिंबरा इथे मर्डॉक मिचिसन यांच्या प्रयोगशाळेत पॉल नर्स दुसऱ्या यीस्टवर काम करत होते. शायझोसॅकरोमायसीस पोम्बे हे मूळचं पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमधलं यीस्ट. त्याची पेशी दांड्यासारखी. जाडी तीच राहते, फक्त टोकं वाढतात आणि सुमारे १४ मायक्रॉन लांबीला ती मधोमध विभागते. नर्स यांना साधारण निम्म्याच लांबीला विभागणाऱ्या पेशी सापडल्या. अशा पन्नासेक उत्परिवर्तींपैकी एक सोडून सगळे एकाच जनुकातले निघाले: वी-१. तो उरलेला एक जवळजवळ हातचा गेला होता. त्याच्या बशीवर बुरशी चढली होती, म्हणून नर्स यांनी ती कचऱ्यात टाकली, घरी गेले आणि मग परत येऊन ती बाहेर काढली. त्या उत्परिवर्तनाचं ठिकाण सीडीसी-२ निघालं. हे जनुक निकामी झालं की पेशी विभागतच नाही, आणि विशिष्ट तऱ्हेने बदललं की ती वेळेआधी विभागते. विभाजनाची वेळ ज्याच्या हाती आहे, ते जनुक सापडलं होतं.

इथे एक सूक्ष्म चूक जाणकारही करतात. लवकर विभागणाऱ्या पेशींची वसाहत झपाट्याने वाढत असणार, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. वी-१ बिघडलेल्या पेशींची संख्याही जवळपास नेहमीच्याच वेळात दुप्पट होते. पेशी लहान असते, पण तिला पुन्हा तेवढी होण्यासाठी स्वतःचं वस्तुमान दुप्पट करावंच लागतं, आणि त्याचा वेग अन्नावर ठरतो. विभाजन वाढीच्या मागून चालतं. वाढीला ते ओढून नेत नाही.

यंत्रणा थोडक्यात अशी. सीडीसी-२ एक विकर बनवतं. ते पेशीत साधारण सारख्याच प्रमाणात असतं, पण सायक्लिन नावाच्या प्रथिनाची जोड मिळाल्याशिवाय काम करत नाही. सायक्लिन साचतं आणि विभाजनाच्या वेळी नष्ट होतं. टिम हंट यांना ते १९८२ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांत दिसलं. जोडी जमली तरी वी-१ तिच्यावर फॉस्फेटचा ब्रेक लावतं आणि सीडीसी-२५ तो काढतं. पेशी मोठी होत जाते तसं सीडीसी-२५चं प्रमाण वाढत जातं, म्हणून आकार आणि वेळ एकमेकांना बांधलेले राहतात.

पावाच्या यीस्टने आकार मोजण्याची दुसरीच सोय केलेली दिसते. तिथे व्हाय-५ नावाचं प्रथिन स्टार्ट रोखून धरतं. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या यान स्कॉथाइम यांच्या गटाने मांडलं की पेशी वाढते तेव्हा या प्रथिनाचा साठा फारसा वाढत नाही, त्यामुळे ते विरळ होत जातं आणि शेवटी अडसर सुटतो. कल्पना देखणी आहे, पण इतर काही गटांच्या मोजमापांत ही विरळता तितकी दिसली नाही. वाद अजून चालू आहे, त्यामुळे पुस्तकांनी तो मिटल्यासारखा लिहू नये.

थांबणं म्हणजे बिघाड, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा गैरसमज. क्ष-किरणांचा मारा झाला की यीस्टची पेशी विभाजन थांबवते. किरणांनी तिला पंगू केलं, असं आधी वाटे. १९८८ मध्ये टेड वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी रॅड-९ जनुक नसलेल्या पेशी घेतल्या. या पेशी माऱ्यानंतर न थांबता पुढे जात आणि तुटक्या गुणसूत्रांनिशी मरत. मग त्यांनी एका औषधाने त्यांना काही तास जबरदस्तीने थांबवून धरलं, आणि पुष्कळ पेशी वाचल्या. दुरुस्तीची हत्यारं पेशीकडे होतीच. नव्हता तो थांबण्याचा हुकूम.

हे सगळं यीस्टपुरतं आहे असं मानणाऱ्यांना १९८७ मध्ये उत्तर मिळालं. लंडनमध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी सीडीसी-२ निकामी झालेल्या यीस्टमध्ये माणसाच्या जनुकांचे तुकडे सोडले. त्यातल्या एकाने यीस्टला पुन्हा विभागायला लावलं. दोघांचा समान पूर्वज १०० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा, तरी माणसाचं जनुक यीस्टमध्ये काम करत होतं. २००१ चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि हंट यांना मिळालं.

कर्करोगाची पेशी शरीरात सर्वांत वेगाने विभागते, असं सर्रास म्हटलं जातं. आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशी पुष्कळ गाठींतल्या पेशींपेक्षा वेगवान असतात. गाठीतल्या पेशींच्या बाबतीत बिघडलेलं असतं ते थांबणं. यीस्टमध्ये जे काम व्हाय-५ करतं, तेच माणसात आरबी नावाचं प्रथिन करतं, आणि लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगात बहुतेक वेळा आरबीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या असतात.