अख्खं घर आडवं, काकू मात्र ठणठणीत

एखादी साथ येते, घरातले सगळे अंथरूण धरतात आणि काकू तेवढ्या सगळ्यांना पेज भरवत हिंडत असतात. वर म्हणणार, "आमचं हाडच दणकट!" हाडाचं माहीत नाही काकू, पण जनुकांचा हात यात असू शकतो.

१९६८. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात एका शाळेतली मुलं पटापट ओकायला लागली. त्या गावाचं नाव पुढे विषाणूला चिकटलं : नोरोव्हायरस. (बिचारं गाव!) नंतर शास्त्रज्ञांनी तयार असलेल्या स्वयंसेवकांना हा विषाणू चक्क पाजला, तर काही जण कितीही पाजला तरी ढिम्म! त्यांच्यात 'एफयूटी-२' हे जनुक बंद होतं. आतड्याच्या अस्तरावर एक खास साखर चढवायचं काम या जनुकाचं, आणि विषाणू नेमका त्याच साखरेला धरतो. गूळच नाही, तर मुंगळा येईल कशाला? युरोपीय वंशाच्या पाचांतला साधारण एक जण असा असतो. नोरोव्हायरसचे काही प्रकार यांनाही गाठतात, ते सोडा. पण याच लोकांना क्रोन्स या आतड्याच्या आजाराचा धोका थोडा जास्त असतो. तिथे शरीराची संरक्षक फौज आपल्याच आतड्यावर उलटते. एका खिशात टाकलं, दुसऱ्यातून काढलं.

साखरेवरून आपली मुंबई आठवली. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे एक अजब रक्तगट शोधला. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. शहराचं नाव बदललं, रक्ताचं नाही. ए आणि बी गटांच्या साखरा ज्या 'एच' नावाच्या पायावर चढतात, तो पायाच या रक्तात नसतो. साध्या तपासणीत हे रक्त 'ओ' वाटतं, पण या माणसाला 'ओ' रक्त दिलंत तर घात. गंमत पुढेच आहे : या गटाच्या भारतीयांमध्ये बहुधा एफयूटी-२ सुद्धा गायब असतं. म्हणजे हिशेबाने नॉरवॉकच्या त्या विषाणूला इथेही दार बंद. रक्त मिळायची मारामार, पण पोट सुरक्षित!

अशीच दारं दुसऱ्या विषाणूंनाही बंद होतात. एचआयव्ही पेशीत शिरताना बहुतेक वेळा 'सीसीआर-५' या प्रथिनाला धरतो. काहींच्या या जनुकातली ३२ अक्षरंच गळलेली असतात. आई-वडील दोघांकडूनही अशीच प्रत आली, तर एचआयव्हीची नेहमीची वाट बंद. बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अशाच दात्याच्या मूळ पेशी दिल्या, आणि एचआयव्हीतून बरा झालेला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद झाली. मात्र वेस्ट नाइल विषाणू गाठतो तेव्हा हीच गळती महागात पडते.

'एचएलए-बी२७' या जनुकाच्या प्रकाराचंही तेच, एका हाताने देतो, दुसऱ्याने घेतो. पाठीचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी त्याचं घट्ट नातं. तरी बी२७ असलेल्या बहुतेकांची पाठ आयुष्यभर ताठ आणि बिनतक्रार राहते. शिवाय एचआयव्हीला वेसण घालायला हेच बी२७ मदत करतं.

आता घरचा अहेर. कोविड गंभीर होण्याची शक्यता वाढवणारा डीएनएचा एक तुकडा तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. २०२० मध्ये ह्युगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी दाखवलं की तो निअँडर्थल माणसांकडून आलाय. युरोपात सहांतल्या एकाकडे, पूर्व आशियात जवळजवळ कुणाकडेच नाही, आणि दक्षिण आशियात? निम्म्या लोकांकडे! लोकलच्या बाकावर चौथी सीट धरून चौघे बसले असतील, तर सरासरीने दोघे. पुढे झेबर्ग यांनाच आढळलं की हाच तुकडा एचआयव्हीचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी घटवतो. पण एचआयव्ही तर परवाचा. मग हजारो वर्षं हा पाहुणा आपल्याकडेच एवढा का रमला? कॉलऱ्यासारख्या कुठल्या जुन्या साथीत त्याने आपल्या पणज्या-खापरपणज्यांना वाचवलं असेल का, यावर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवताहेत.